काराकुलच्या बर्फावरचा ठिपका

एप्रिल नुकताच लागला होता. वरच्या कुरणातल्या याकांना लस टोचून मी परतत होते. गाडी मामतकुल अके चालवत होते; थोरल्या भावासारख्या माणसाला आमच्याकडे 'अके' म्हणतात. तीस वर्षं याच रस्त्यावर घालवलेला माणूस. खिंडीपलीकडे मोबाइल लागत नाही, म्हणून माझ्याकडे आणि तळ्याकाठच्या घरी असलेला माझा नवरा तोख्तोसुन याच्याकडे सॅटेलाइटचं एकेक यंत्र असतं. दर दहा मिनिटांनी मी कुठे आहे, ते त्याच्या पडद्यावर ठिपका होऊन उमटतं.

दुपारी एकला त्याचा निरोप आला. 'तळ्यावर का थांबलात?'

काराकुल तळं अजून वीस किलोमीटर लांब होतं. आणि आम्ही थांबलोच नव्हतो.

"भर दुपारी स्वप्नं पडतायत तुझ्या नवऱ्याला," अके हसले. "जेवण जड झालं असेल."

मी लिहिलं, 'रस्त्यावर आहोत. मजेत.'

उत्तर आलं, 'थट्टा पुरे, जानिल. आत्ताच तर लिहिलंस, गाडी बिघडलीय, बर्फ पक्का आहे, ये. निघालोय.'

मी यंत्र तपासलं. पाठवलेल्या निरोपांत माझं ते एकच वाक्य होतं. अकेंना वाचून दाखवलं. त्यांचं हसू मावळलं.

"या दिवसांत त्या बर्फावर मेंढरूसुद्धा पाय ठेवत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी दामटली.

'येऊ नकोस' असं मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा पडद्यावर 'पाठवत आहे' एवढंच दिसत राहिलं.

तळं दिसलं. पांढऱ्यावर जागोजागी करडे डाग पडले होते. तोख्तोसुनची जीप किनारा सोडून आत गेली होती, सरळ रेषेत, सावकाश.

अकेंनी हॉर्न दाबून धरला. वाऱ्याने तो उडवून नेला.

मी उतरून धावले. ओरडत. पायाखाली बर्फ कण्हला.

जीप थांबली. मग वीत वीत मागे येऊ लागली.

किनाऱ्यावर तो उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तू समोर उभी होतीस," तो म्हणाला. "हात करत होतीस. मग मागून हाक आली. तीही तुझीच."

समोर कुणी नव्हतं.

मी माझं यंत्र बंद केलं. दिवा विझल्याची खात्री करून खिशात टाकलं.

त्याच्या हातातलं यंत्र वाजलं. माझ्या नावाने निरोप होता.

'मागे का फिरलास? चारशे मीटरच तर उरले होते.'