यादीत नसलेली विहीर

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो अवधूत माझा सख्खा आतेभाऊ. ज्यांना हसण्यावारी न्यायचं असेल त्यांनी खुशाल न्यावं.

गेल्या वर्षीचा मार्च महिना, गुरुवार. रात्र वगैरे काही नव्हती... भर दुपारचे बारा वाजले होते.

जागा परभणी तालुक्यातली, पेडगावच्या पुढची एक वस्ती. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तेच पाणी पितात.

अवधूत एका खाजगी लॅबमध्ये कामाला. वस्तीच्या वरच्या अंगाला एक बंद पडलेला पेट्रोल पंप होता. त्याच्या जमिनीतल्या टाक्या गंजल्यात, डिझेल झिरपून पाण्यात उतरतंय, अशी तक्रार होती. आजूबाजूची माती आणि विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचं, एवढंच त्याचं काम.

कुठल्या विहिरी, ते मात्र ऑफिसची यादी ठरवायची. आणि यादी बनली होती पंपमालकानं दिलेल्या नकाशावरून. यादीतल्या तिन्ही विहिरी पंपाच्याही वर, चढाला. झिरपलेलं तेल चढ चढत नाही, हे अवधूतला कळत नव्हतं असं नाही. नोकरी होती, गप्प बसला.

वर्षभर आधी पहिल्या खेपेला उताराच्या विहिरीवरची मनकर्णा नावाची बाई त्याला अडवून उभी राहिली होती. पाण्याला वास येतो, भाकरीलासुद्धा येतो, माझंही पाणी न्या म्हणत होती. त्याच्याजवळ एक जादा बाटली होती, एखादी फुटली तर असावी म्हणून ठेवतात तशी. पण मालकाची गाडी त्याला जेवायला न्यायला उभी होती.

"मावशी, तुमची विहीर यादीत नाही. पुढच्या वेळी सगळ्यात आधी तुमचंच पाणी घेतो," असं म्हणून त्यानं तिला कटवलं.

रिपोर्ट आला. पाणी पिण्यायोग्य.

तक्रारी काही थांबेनात, म्हणून तो आता दुसऱ्यांदा आला होता. यादी तीच.

उतारावरून चालताना त्याला जाणवलं... कुठंच काही वाजत नव्हतं.

होल्याचं घुमणं नाही. कुत्रं नाही. ज्वारीच्या काढणीचे दिवस, पण माणसाचा आवाज नाही.

मग रहाट वाजला.

कर्र... कर्र...

मनकर्णा पाणी शेंदत होती. पदर नाकाला लावलेला. अवधूतला बरंच वाटलं, दिलेला शब्द पाळता येईल म्हणून. त्यानं जादा बाटली काढली.

पोहरा आत गेला... पाण्यात पडल्याचा आवाज आलाच नाही.

तरी वर आला तो काठोकाठ भरून.

या बाटलीत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नसतो, नाहीतर तेलाचा अंश त्या हवेत निघून जातो. हे जमायला अवधूतला सहा महिने लागले होते. बाईनं बाटली भरली, झाकण फिरवलं, उलटी करून दाखवली. एकही बुडबुडा नव्हता.

"आता तरी यादीत घाला," एवढंच ती बोलली.

त्यानं बाटलीवर तिचं नाव आणि वेळ लिहिली, बर्फाच्या खोक्यात ठेवली आणि खालच्या शेतात गेला. तिथं दिनकरराव भेटले, सत्तरीचे. मनकर्णामावशीचं पाणी घेऊन आलो, असं त्यानं सहज सांगितलं. म्हातारा त्याच्याकडं बघतच राहिला.

"ती तर दिवाळीच्या आधीच गेली. पोटाच्या दुखण्यानं. विहीरबी बुजवली की लेकानं."

दोघं परत वर गेले.

मुरमाचा ढिगारा... वर बाभळीच्या फांद्या... रहाट नाही, काठ नाही.

अवधूतनं खोका उघडला. बाटली होती. आत बोटभर डिझेल तरंगत होतं.

उताराला आता एकच विहीर उरली होती, दिनकररावांची. पण त्या अवस्थेत तिचं पाणी घ्यायचं अवधूतला सुचलंच नाही. यासाठी तो अजून स्वतःला माफ करत नाही, आणि करूही नये असं मला वाटतं.

त्या बाटलीचा आकडा लॅबच्या मशीनमध्ये मावेना. साहेबांनी विचारलं, विहिरीचा फोटो कुठंय? अवधूतनं दिनकररावांसोबत परत गेल्यावर काढलेल्या फोटोत मुरमाचा ढीग. विहीर नाही तर नमुनाही नाही, असं ठरलं. नमुन्यांच्या नोंदीतली ती ओळ अवधूतनं स्वतःच्या पेनानं खोडली आणि खाली सही केली. उरलेल्या तीन बाटल्या स्वच्छ निघाल्या, निघायच्याच होत्या.

पुन्हा तेच. पाणी पिण्यायोग्य.

आठवड्यानं दिनकररावांचा फोन आला. रिपोर्ट ग्रामपंचायतीत लागला होता. त्यांची लेक राजेश्री बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला घरच्या विहिरीचं पाणी द्यावं का, विचारत होते.

अवधूत म्हणाला, देऊ नका.

"कागद तर प्या म्हणायलाय. मग तुमी कोणाच्या सांगण्यावरून नको म्हणायलाव?"



"मनकर्णामावशीच्या," तो म्हणाला.



"तिनं आमालाबी लय सांगितलं व्हतं. आमी म्हणलो, शिकलेल्या माणसाचा कागद हाय, तोच खरा."

त्यांनी फोन ठेवला.

राजेश्रीला त्यांनी कुठलं पाणी दिलं, हे विचारायचं धाडस अवधूतला अजून झालेलं नाही. मी त्याच्यासमोर फोन ठेवून पाहिला, तरी नाही. आणि खरं सांगायचं तर, मीही विचारलेलं नाही.