आवाज नंतर भरू

खरं प्रेम चेहरा पाहत नाही, थेट हृदय पाहतं. मुक्तानं शत्रुघ्नचं हृदय पाहिलं ते १९७८ च्या नोव्हेंबरात, एक्स-रे फिल्मवर. हृदय नॉर्मल होतं. त्याच्या जरा वर, बरगड्यांच्या मधोमध, एक स्क्रू होता.

कुवेतमध्ये, मंगफच्या त्या दवाखान्यात इकाम्यासाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, छातीचा फोटो काढायला रोज साठ-सत्तर माणसं येत. 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' हे मुक्ता तीन भाषांत म्हणायची आणि एकाही भाषेत तिचं लक्ष नसायचं. त्या दिवशी बटण दाबून ती पुढच्या माणसाचा कागद शोधायला लागली. कागद सापडला, तरी हा मशीनला छाती टेकून उभाच. कान जांभळे.

"अहो! काय होतंय?"

"तुम्ही 'सोडा' म्हणाला नाहीत," तो सगळा श्वास एकदम सोडत म्हणाला.

"आणि मी जेवायला गेले असते म्हणजे?"

"मग... 'भाजी कसली होती' म्हणून विचारलं असतं."

फोटो धुऊन आला आणि तिनं त्याला परत बोलावलं. गळ्यात काळ्या दोऱ्याला खरंच एक स्क्रू होता.

"प्रोजेक्टरचा आहे," तो म्हणाला. "हरवला तर शुक्रवारी कॅम्पात पिक्चर नाही. देव हरवला तर दुसरा मिळतो, याचा आटा कुणाकडे नाही."

दुसरा फोटो काढावा लागला. या वेळी तिनं 'सोडा' जरा उशिराच म्हटलं. मुद्दाम की काय, ते तिलाही सांगता आलं नसतं.

शत्रुघ्न मूळचा राजापूरचा. गावोगाव तंबू ठोकणाऱ्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होता, इथं तेल कंपनीच्या कामगार कॅम्पात एसीचा इलेक्ट्रिशियन म्हणून आला. कॅम्पाचा फोरमन इटालियन. त्यानं तेलाच्या धंद्यात पडण्याआधी बारा वर्षं रोममधल्या स्टुडिओत दिवे धरले होते. तो कुठून कुठून इटलीतल्या पिक्चरच्या पेट्या मागवायचा आणि शत्रुघ्न दर शुक्रवारी त्या मेसच्या भिंतीवर दाखवायचा. पेट्या आणायला तो सकाळच्या बसनं शहरात जाई. मुक्ताही त्याच बसनं दस्मानला तिच्या मावसबहिणीकडे, शामलाताईकडे, जात असे. पुढच्या रांगा बायकांच्या. तो बरोबर तिच्या मागच्या सीटवर. त्यामुळे पुढची अडीच वर्षं मुक्ताच्या वाट्याला त्याचा फक्त आवाज आला.

प्रेमकथेला लागतो तसला पाऊस कुवेतमध्ये नसतो. बसच्या एसीतून तिच्या खांद्यावर पाणी ठिबकायचं, तेवढ्यावर भागवावं लागे.

"आज कुठला दाखवणार?" ती खिडकीला विचारी.

"काउबॉयचा. अमेरिकेतला. म्हणजे अमेरिका स्पेनमध्ये उभी केलेली, माणसं रोमची आणि डायरेक्टरनं लावलंय अमेरिकन नाव. खरं नाव लिहिलं तर त्याच्या गावचा न्हावीपण तिकीट काढणार नाही."

"आणि तुमचं? शत्रुघ्न हे खरं नाव?"

"असलं नाव मुद्दाम कोण घेईल वो?"

ती हसली, आणि शेजारच्या इजिप्शियन बाईनं खिडकीत एवढं काय हसण्यासारखं आहे म्हणून वाकून पाहिलं.

मुक्तानं त्यातला एकही पिक्चर पाहिला नाही. बाईमाणसाला पुरुषांच्या कॅम्पात कोण सोडणार? पण सगळा इतिहास तिला पाठ झाला. आधी लंगोट लावून खांब पाडणारे पैलवान आले. लोकांना पैलवानांचा कंटाळा आला, तेव्हा उरलेल्या मालातून दारूचे गुत्ते उभे राहिले आणि काउबॉय आले. मग काळे हातमोजे घालून खून करणारे आले. आता म्हणे मुडदे उठायला लागले होते. कुणाचा एक चालला की महिनाभरात तसलेच दहा. एकच माणूस गोष्ट लिही, कॅमेरा धरी, रक्ताचा रंग कालवी आणि प्रत्येक कामाला वेगळं नाव लावी. कंपनी मोठी दिसावी म्हणून.

"म्हणजे सगळी लबाडीच की!"

"लबाडी... आहे. पैसा नाही, वेळ नाही, नावसुद्धा स्वतःचं नाही. तरी त्यात एखादा मनुष्य मधेच असा एक शॉट टाकतो बाई— की रीळ संपलेलं मला कळत नाही. मेसमध्ये शिट्ट्या मारतात, तेव्हा कळतं."

मुक्ताला त्या क्षणी मागं वळावंसं फार वाटलं. ती वळली नाही.

सगळ्यात भारी गोष्ट त्यानं दुसऱ्या वर्षी सांगितली. या लोकांच्या शूटिंगला आवाज घेतच नाहीत. हीरो अमेरिकन, हीरोइन फ्रेंच, व्हिलन नेपल्सचा. जो तो आपापल्या भाषेत बोलतो. कुणी वाक्य विसरलाच, तर डोळ्यांत पाणी आणून आकडे म्हणतो. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस... डायरेक्टर म्हणतो, चालू दे, आवाज नंतर भरू.

"हीरोइनला राग नाही येत?"

"तीपण आकडेच म्हणत असते."

मग तो खेळच झाला. तो मागून हळूच मोजायचा, "एकतीस... बत्तीस... तेहेतीस," आणि शब्द भरायचे मुक्तानं.

"हीरो म्हणतोय, पुढच्या बाईंच्या गजऱ्यानं मला शिंका येतात."

"चुकलं. हीरोला गजरा आवडतो."

"हीरोनं गजरा प्लॅस्टिकचा आहे हे ओळखायला हवं होतं."

दस्मानच्या स्टॉपवर उतरल्यावर, चार हात मागून चालत, त्यानं तिला त्यातली खुबी पण शिकवली. ओठ मिटले की तिथं प, ब, म यांतलंच काहीतरी घालायचं. ओठ गोल झाले की ओ. बाकी काहीही चालतं, लोक डोळ्यांकडे बघत असतात.

१९८१ च्या मे महिन्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. शेवटच्या शुक्रवारी बस वाळूच्या वादळातून दिवे लावून चालली होती. दस्मान जवळ आलं. मग अगदी हळू, थांबत थांबत...

"एक्केचाळीस... बेचाळीस... त्रेचाळीस..."

आणि थांबला. आकडे संपले नव्हते, नुसता थांबला होता. त्यानं श्वास धरलाय हे तिला न बघता कळलं. काय भरायचं हेही कळलं. अडीच वर्षं तयार असलेलं वाक्य जिभेवर आलं, आणि मुक्ता म्हणाली,

"हीरो म्हणतोय, आज डब्यात भेंडी आहे."

तो हसला. चांगलं मोठ्यानं हसला. बस थांबली.

विमान सोमवारी दुपारचं होतं. मुक्ता अर्धी रजा टाकून विमानतळावर गेली. येते असं ती कुणालाच बोलली नव्हती. पोहोचवायला आलेल्यांना काचेच्या अलीकडे थांबवत. पलीकडे, सामानाच्या काउंटरपाशी, तो आणि सुट्टीवर निघालेला त्याचा खोलीतला सोबती हरीश उभे होते. अडीच वर्षं चित्राशिवाय आवाज होता. आता आवाजाशिवाय चित्र. त्यानं वर पाहिलं. तिच्याकडेच पाहिलं. ओठ हलले. मग तोंड फिरवलं. मग पुन्हा वळून अगदी तेच, अगदी तसंच बोलला.

परतीच्या बसमध्ये तिनं आवाज भरायला घेतला. आधी 'ए'सारखं काही. मग ओठ गोल. मग 'ई'. मग मोठा 'आ'. मग ओठ मिटून... तिथं त्यानं तोंड फिरवलं होतं. दस्मान यायच्या आत तिला बसलं. 'येतो. नीट राहा. परत...' पुढचं 'येईन' त्याच्याच्यानं बोलवलं नसणार. आणि जो पुरुष असलं वाक्य दोनदा म्हणतो, तो शब्द टाकत नाही.

ती नीट राहिली. आठ वर्षं राहिली. शामलाताईनं आणलेली तीन स्थळं तिनं परतवली. त्यांत एक बँकेतला होता, स्वतःची गाडी असलेला.

"अगं, तो पिक्चरवाला काय बोलला होता का तुला तसं?" शामलाताई विचारी.

"बोलला होता."

"मग कागदावर लिहून का दिलं नाही मेल्यानं?"



१९८९ मध्ये हरीश छातीचा फोटो काढायला आला. पोट सुटलं होतं, तरी तिनं ओळखलं. त्यानंही.

"बाई, तुम्ही अजून इथंच?"

"तुम्ही कुठं असता?"

"अम्गऱ्याला, भंगाराच्या यार्डात. कामाला हां, माल म्हणून नाही."

मशीनची पाटी खालीवर करत तिनं विचारलं, "तुमचे ते... सोबती?"

"शत्रुघ्न? राजापुरात व्हिडिओ लावतो. दोन मुलगे. लग्न उशिरा केलं त्यानं, दोन वर्षं थांबला. मला म्हणाला होता, मी मोजून ठेवलंय, बाई शब्द भरतील. त्यांनी विचारलं तर पत्ता दे."

"मग दिला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

मुक्ता शिशाच्या पडद्याआड गेली. बटणावर बोट ठेवलं आणि काढलं.

"विमानतळावर काचेतून तो मला काहीतरी म्हणाला. दोनदा. तुम्ही शेजारीच होता."

"तुम्ही आला होतात?" हरीश वळूनच बघायला लागला. "अहो, त्या काचेत आतून आपलंच तोंड दिसतं, बाहेरचं काय दिसायचं! आणि तो बोलत कुठं होता? सामान मोजत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा भरेनात, म्हणून परत मोजलं."

तिनं मनातल्या मनात त्या ओठांवर हे आकडे ठेवून पाहिले. सगळे बसले.

"समोर बघा," ती म्हणाली. "श्वास घ्या. धरून ठेवा." आणि लगेच, "सोडा."

सहावा नग टेबलफॅन होता. तो कॅम्पातच राहिला होता.