म्हस्कूच्या आखाड्यावरचं पाणी

बबल्या, मोबाईलची बत्ती बंद कर. अन् लघवीला जायचं असंल तर आत्ताच जाऊन ये, मंग सोबतीला कुणी उठणार न्हाई.

आपला रामप्रसाद, सोयरिकी जुळवणारा, त्याच्यासोबत झालेलं हे. यंदाच्या पौषातली अमावस्या, रविवार, रात्रीचे साडेआठ. तीर्थपुरीहून गाडीवर म्हस्कूच्या आखाड्याकडं, म्हंजी शेतातल्या घराकडं, निघाल्ता. निरोप वाईट होता. म्हस्कूच्या नातीची, शिवकन्याची, सोयरीक मोडली. पोरगा-पोरगी राजी होते, पण पोराचा आजा रखमाजी आडवा आला. ही तिसरी सोयरीक.

कारण जुनंच. पस्तीस वर्षांखाली उसात अंगदचा गळा कापला कुणीतरी. म्हस्कू त्याचा बांधशेजारी. पोलिसांनी दोन महिने आत ठेवला, पुरावा न्हाई म्हणून सोडला. गावानं न्हाई सोडला. त्याच्या घरचं पाणी प्यायचं बंद केलं. सगळ्यांत पुढं हाच रखमाजी.

काय म्हन्ला, बबल्या? मी प्यायचो का?

पुढं ऐक.

कॅनॉलच्या पुलावर एकानं हात केला. तिशीतला गडी. गळ्याला उपरणं घट्ट गुंडाळलेलं.

"कुठं जायचं, भाऊ?"

"म्हस्कूकडं. तहान लागली."

रामप्रसाद हासला. "त्याच्याकडं कोण पाणी पेतं? ही बाटली घ्या."

"त्याच्याच घरचं पाह्यजे."

आखाड्यावर गडी दारातच बसला. पाणी मागितलं. शिवकन्या बावरली. जन्मात कुण्या पाव्हण्यानं तिला पाणी मागितलं नव्हतं.

"आजा... हे पाणी मागून राह्यले."

म्हस्कू काठी टेकीत बाहेर आला.

गडी प्याला. गटागटा. आख्खा तांब्या. अन् रामप्रसादनं पाह्यलं... उपरणं भिजून राह्यलं होतं. आतून. पाणी गळ्यातूनच बाहेर येत होतं. सदऱ्यावर. मांडीवर. उंबऱ्यावर.

म्हस्कूची काठी पडली.

"अंगद...?"

"गोड हे रे म्हस्कू, तुझं पाणी." मंग रामप्रसादकडं वळला. "तू पाह्यलं ना? बराबर सांग गावाला."

उठला.

"आता रखमाजीकडं जातो."

अंधारात गेला. पावलं वाजली न्हाईत.

रामप्रसादनं निरोप सांगितलाच न्हाई. शिवकन्याच्या हातचा तांब्या घेतला, अन् प्याला.

सकाळी रखमाजीच्या घरी गेला. तो घरात एकटाच, दाराला आतून कडी. चौघांनी दार तोडलं. रखमाजी जमिनीवर बसलेला. जिता. डोळे उघडे. समोर कुणी न्हाई, तरी हात पुढं करून विनवत होता...

"पे ना रं अंगद... घोटभर तरी पे..."

तेवढंच बोलतो आजून. सोयरीक मोडायला आता त्याच्यात दुसरा बोल राह्यला न्हाई. त्याचा नातू त्याच दिवशी म्हस्कूच्या उंबऱ्यात जाऊन पाणी पिऊन आला.

पण रखमाजीच्या घरातली भांडी... रांजण पालथा. घागरी पालथ्या. एकूण एक गिलास पालथा.

माणसाचं काम असंल म्हणून रामप्रसाद गच्चीवर चढला.

हजार लिटरची टाकी. पालथी. पाइप जागच्या जागी जोडलेले.

अन् गच्ची...

कोरडी ठणक.