ठमीचं तोंड भिंतीकडे

गाव आणखी एका वळणावर राहिलं होतं, आणि तिने गाडी थांबवली.

दमली म्हणून नव्हे हो, गाडी मळली म्हणून! ठमी, म्हणजे तिची ती गोलमटोल, पिस्त्याच्या रंगाची जुनी गाडी. मामाने भंगारातून उचललेली, आणि मामा-भाचीने मिळून पुन्हा पायावर उभी केलेली. अशा लाडक्या लेकीला नव्या गावात धुळकट तोंडाने न्यायचं? छे! तिने डिकीतून मऊ फडकं काढलं आणि पुसायला बसली. बोनट, दिवे, आरसे... शेवटी तर चाकांच्या टोप्यासुद्धा.

मागून दोन हॉर्न वाजले. तिने मान वर केली नाही.

आणि मग... फस्स्स! गार पाण्याचा मोठा फवारा आला. ठमी भिजली, फडकं भिजलं, तीही भिजली. रस्त्यावरची तांबडी धूळ चिखल होऊन ठमीच्या गालावर उडाली. पुढे जाऊन एक भला मोठा, धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारणारा टँकर थांबला आणि खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"लागलं नाही ना?"

"डोळे आहेत की खोबणी?" ती कडाडली. "आत्ता पुसली होती मी!"

"डोळे आहेत, म्हणून तर दोन हॉर्न दिले. दोन म्हणजे पुढे येतोय. एक म्हणजे गाडी सुरू करतोय. तीन म्हणजे मागे घेतोय. खाणीतला नियम आहे, पण आमच्या गावात बाळंही बोलायच्या आधी हे शिकतात."

"आणि पाण्याचे किती हॉर्न?"

"पाण्याचे नसतात." तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या जरा आधी मिटायचा. "ढग कधी हॉर्न देतो का, मॅडम?"

तिला राग यायला हवा होता. आलाही... पण जरा उशिरा, आणि अर्धाच.

ती आली होती खाणीच्या प्रयोगशाळेत. जमिनीतून निघालेला दगड कुटायचा, विरघळवायचा, त्यात लोखंड किती ते सांगायचं. काम आवडीचं होतं, पण जीव सगळा गाड्यांत. मामाचं स्वप्न होतं शहरात जुन्या गाड्यांचं वर्कशॉप काढायचं, आणि त्यात भाचीचा अर्धा वाटा, हे ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ठरलेलं. तोवर ही नोकरी.

पहिल्याच दिवशी तिची चूक झाली. क्वार्टरसमोर तिने ठमी सरळ आत घातली, तोंड भिंतीकडे. फाटकावर पहारा करणारी बाई, जिला अख्खं गाव आत्या म्हणे, तिथूनच ओरडली, "अगं ए! उलटी लाव, उलटी! तोंड रस्त्याकडे!"

"का पण?"

"खाणीचा धोक्याचा भोंगा वाजला तर पळायचं की गाडी वळवत बसायचं?"

खरंच की. गल्लीतल्या सगळ्या गाड्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. शिकवणीला निघालेल्या मुलांसारख्या, शहाण्या. तेवढ्यात कालचा तो टँकरवाला तिथूनच चालला होता. सगळं गाव त्याला ढगच म्हणायचं, आणि आत्या त्याची सख्खी आत्या होती.

"गाड्याच काय, इथली माणसंही निघायच्या तयारीतच उभी असतात, मॅडम," तो खिडकीतून म्हणाला. "येतात, राहतात, जीव लावतात... आणि जातात. जाणाऱ्याच्या मागे अशी धूळ उठते की वळून पाहिलं तरी गाव दिसत नाही. बरंच आहे म्हणा. जाणं सोपं होतं."

हे तो हसतच म्हणाला, पण या वेळी दोन्ही डोळे उघडे होते.

मग एक गंमत सुरू झाली. रोज सकाळी टँकर गल्लीतून जायचा, रस्ता भिजवत, ओल्या मातीचा वास उधळत. आणि बरोबर तिच्या क्वार्टरपाशी फवारा बंद! ठमी मागे पडली की पुन्हा सुरू. गल्लीभर ओला रस्ता, मधे एकच कोरडा तुकडा. ठमीवर शिंतोडासुद्धा नाही.

आत्याच्या नजरेतून काय सुटतंय! "काय गं, तुझ्या दारात दुष्काळ का?"

"मला काय माहीत, आत्या."

"तुला नाही माहीत? मग तुझे कान का लाल झालेत?"

"धूळ असेल..."

"कानाच्या आतून येते वाटतं धूळ!"

एका सुट्टीच्या दिवशी तो दारात उभा राहिला. टँकर नाही, पायी. हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

"तुम्हाला जुन्या गाड्या कळतात म्हणे. एक पेशंट आहे. बघाल?"

खाणीच्या भंगारात, गवतात बुडालेला, गावातला पहिला टँकर होता. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर चालवलेला. तिने बाह्या सरसावल्या, बोनट उचललं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"मेलाय का?" त्याने हळूच विचारलं.

"रुसलाय फक्त," आतून आवाज आला. "कुणी विचारपूस केली नाही ना इतकी वर्षं."

"विचारपूस केली की... रुसलेले बोलतात?"

ती बाहेर आली. नाकाच्या शेंड्यावर ग्रीस. "टँकर बोलतात," ती म्हणाली. "बाकीच्यांचं त्यांचं त्यांनी बघावं."

त्यानंतर संध्याकाळी दोघं तिथेच सापडू लागली. ती आत हात घालायची, तो पाना द्यायचा, आणि दर वेळी चुकीचाच.

"दहाचा मागितला होता."

"हा दहाचा नाही?"

"हा चौदाचा आहे. मुद्दाम करता का?"

"चुकीचा दिला की तुम्ही वर बघता," तो म्हणाला, आणि स्वतःच इतका लाजला की हातातला पाना पायावर पडला.

टँकर अजून सुरू व्हायचा होता, तेवढ्यात मामाचा फोन आला. वर्कशॉपला जागा मिळाली! पाटीसुद्धा रंगवून झाली होती. "ये गं लवकर, तुझ्यावाचून अडलंय," मामा लहान मुलासारखा ओरडत होता. तिचं लहानपणापासूनचं स्वप्न हाक मारत होतं, आणि तिचे डोळे मात्र का कोण जाणे, खिडकीबाहेरच्या त्या कोरड्या तुकड्याकडे गेले.

तिने ढगाला सांगितलं. मनात म्हटलं, एकदा थांब म्हण. एकदाच म्हण.

तो खाली बघत राहिला. "छान झालं," म्हणाला. "तुमची जागा तिथेच आहे. किती दिवसांचं मागणं तुमचं... मधे यायला मी कोण?" मग म्हणाला, "उद्या वळणापर्यंत रस्ता भिजवून ठेवतो. ठमी स्वच्छ जाईल."

सकाळी तिने सामान भरलं. आत्याने तिला पोटाशी धरलं आणि नाक ओढत म्हणाली, "जा बाई. रडत नाहीये मी. धूळ गेलीय." आणि धूळ तर कुठेच नव्हती! रस्ता आरशासारखा ओला चमकत होता.

एक हॉर्न. ठमी सुरू झाली. दोन हॉर्न. ठमी निघाली.

वळण जवळ आलं. तिने सवयीने आरशात पाहिलं, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागे धुळीचा पडदा नव्हताच. त्यानेच तो पडू दिला नव्हता. सगळं गाव लख्ख दिसत होतं: फाटक, गल्ली, कपाळावर हात धरून उभी आत्या... आणि टँकरच्या पायरीवर बसलेला, डोकं गुडघ्यांत घातलेला तो. वेडा! जाणं सोपं कसं करतात हे ज्याला ठाऊक होतं, त्यानेच ते इतकं अवघड करून ठेवलं होतं.

तिने मामाला फोन लावला. "मामा, वर्कशॉपची एक शाखा इथे काढली तर? खाणीचं लेथ मशीन आहे, भंगार भरपूर आहे. जुन्या गाड्या तू धाड, उभ्या करून मी पाठवते. पहिला पेशंट तर दाखलही झालाय."

मामाने आवाज बारीक केला. "पेशंटच आहे ना गं? की आणखी कुणी?"

"...दोन्ही."

"मग मला काय विचारतेस? स्टिअरिंग तुझ्या हातात आहे." आणि तो मोठ्याने हसला.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना मातीचे बांध. वळवायचं तर पुढच्या घाटापर्यंत जायला हवं होतं, आणि तेवढा धीर कुणाला होता? तिने मान मागे वळवली आणि हॉर्न दाबला.

एक. दोन. तीन.

गावाने कान टवकारले. तीन? तीन म्हणजे मागे! त्याने गुडघ्यांतून डोकं वर काढलं. समोरून ठमी पाठमोरी येत होती, सरळ रेषेत, झोकात, मधूनमधून तीन-तीन हॉर्न देत. तशीच ती क्वार्टरच्या पुढे गेली, थांबली, मग दोन हॉर्न दिले आणि ठमी सरळ आत घातली. तोंड भिंतीकडे.

"अगं उलटी!" आत्या सवयीने ओरडली. "भोंगा वाजला तर?"

"तर याच्या टँकरमधून पळेन," ती उतरत म्हणाली. "ठमी आता कुठे जात नाही, आत्या."

तो धावत आला होता आणि दोन हातांवर येऊन खिळला होता. "तुम्ही... काही विसरलात का?"

"हो. तू थांब म्हणायला विसरलास."

तू! त्याच्या चेहऱ्यावर हसू असं उमटलं की दोन्ही डोळे एकदमच मिटले. "थांब," तो पुटपुटला. मग छाती भरून म्हणाला, "थांब! कायमची थांब. मी... मला तू फार..."

"कळलं. रोज सकाळी दारात लिहून जातोस." तिने त्या कोरड्या तुकड्याकडे बोट केलं. "आता हा भिजव."

"पण पॉलिश केलंय तू."

"भिजव म्हटलं ना!"

तो टँकरवर चढला. एक हॉर्न, दोन हॉर्न... आणि फस्स्स! ठमी भिजली, ती भिजली, मधे आलेली आत्या शिव्या देत भिजली, आणि इतके दिवस तहानलेला तो एवढासा रस्ता त्या सकाळी काठोकाठ भिजला.