दोष सांगणारा कॅमेरेवाला

प्राजक्ता जाडे पोहे आणायला निघाली होती. पाच वाजता आठवं स्थळ येणार होतं, आणि आठव्यालाही पोहेच लागतात. पनवेलच्या जुन्या बाजारातून परतताना एका फोटो स्टुडिओच्या काचेत तिला तो दिसला... लाकडी, पितळी कोपऱ्यांचा, एका वेळी एकच फिल्म घालायचा मोठा कॅमेरा. खाली चिठ्ठी : ‘विकणे आहे.’

असा जुना कॅमेरा ती सहा महिने शोधत होती. करंजाड्याच्या बिल्डरकडे ती मोबाइलवर दिवसाला दोनशे फोटो काढी, रिकाम्या फ्लॅटचे. एकही लक्षात राहत नसे. एकच काढावा, पण जपून, असं वाटू लागलेलं. आतापर्यंत पाच कॅमेरे पाहिले. प्रत्येक विकणारा म्हणाला, “एकदम नव्यासारखा, मॅडम!” स्थळंही तेच म्हणत. थकली होती बिचारी.

ती आत शिरली तशी काउंटरमागच्या कुंदनने जांभई आवरली. स्टुडिओ त्याच्या वडिलांचा. वडील गेले, आता इमारतही पाडणार होते.

“पहिलाच कॅमेरा?”

“कपाळावर लिहिलंय?”

“पॉलिश बघताय म्हणून म्हटलं. आधी लेन्स बघा. कडेला बुरशी आहे.”

“बरं...”

“एक सेकंदाला लावलं तर शटर चार सेकंद घेतं. दुपारी माझंही तसंच होतं.”

“आणि?”

“भाता गळतो. या, दाखवतो.”

डार्करूमच्या अंधारात त्याने कॅमेऱ्याच्या घडीदार भात्यात टॉर्च ठेवला. काळ्या कापडावर ठिपके उजळले. दोघं वाकून मोजू लागले. सात... आठ... नवव्यापाशी डोकी आपटली.

“हे सगळ्यांना सांगता?”

“सगळ्यांना. पळून जातात.”

“म्हणजे तुम्हाला विकायचाच नाहीये!”

“दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी ठेवायला नाही विकायचा. फोटो काढणारं कुणी भेटलं, तर... भाता मी शिवून देईन.”

बाहेर येऊन ती कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरली. दुधी काचेवर कुंदन उलटा, खाली डोकं वर पाय, उजव्या कडेला उभा.

“माझ्या डावीकडे सरका.” तो आणखी कडेला गेला. “डावीकडे!” अर्धाच उरला. “अहो, डावीकडे—”

“पायरीवर आलोय. अजून सरकू?”

“काच सगळंच उलटं दाखवते, हे आधी सांगायचं ना!”

“तुम्ही सांगाल तिकडे जायचं ठरवलं होतं.”

कापडाखाली ती हसली. आज पहिल्यांदाच. “या परत. मध्ये... हां. आता हलू नका.”

तो हलला नाही. ती बघत राहिली—चार सेकंदांहून बराच जास्त वेळ. तेवढ्यात आईचा फोन.

“पोहे मिळाले का गं?”

“मिळाले. आई, पाचच्या पाहुण्यांना नको म्हणून कळव.”

“अगं, काय दोष आहे त्या मुलात?”

“तेच तर. एकही सांगितला नाही त्यांनी.”

फोन ठेवून ती कापडाबाहेर आली. केस विस्कटलेले, हातात पोह्यांची पिशवी. कुंदन तिथेच, न हलता उभा. सगळं ऐकलेला.

“मी घोरतो,” तो म्हणाला.

प्राजक्ताने स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसली.

“पुढचा?”