तळहाताचा फोड

ए, खिडकी लाव आधी. आणि तो मोबाइल पालथा ठेव, उजेड डोळ्यांत जातो माझ्या. भुताची गोष्ट हवी ना तुम्हाला? मग ऐका. पण मध्ये कुणी खिदळलं तर मी सरळ उठून जाईन. ही माझ्या मित्राची गोष्ट आहे, आणि त्यांना मी रडताना पाहिलंय.

आपल्या बाजारातले टेलरमास्तर. हो, तेच, हाताला पट्टीवाले. तुझी पँट आखूड करून वर तुलाच 'उंची वाढली रे तुझी' म्हणणारे. तर मास्तर त्या रात्री दवाखान्यातून घरी आले होते एक गाऊन न्यायला. शनिवार, साडेनऊ वाजून गेलेले, आणि गल्लीतली लाइट गेलेली. गाऊन वहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा. शिवण सगळी बाहेरून.

बाहेरून का? सांगतो. वहिनींना फोड यायचे. आधी तोंडात आले. सगळे म्हणाले, तोंड आलंय, होईल बरं. त्यात कितीतरी महिने गेले. मग पाठीवर, मांड्यांवर, हातांवर. नुसतं बोट घासलं तरी कातडी सुटायची. आपलंच रक्त आपल्या कातडीवर उलटतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना समोर बसवून सांगितलं, "तुम्हाला नाही होणार, हा लागट आजार नाही. औषधं आहेत, बरेच जण निभावतात. पण यांचं वय झालंय, साखर आहे, आणि फोड फार पसरलेत. भीती फोडांची नाही, उघड्या जखमेतून आत शिरणाऱ्या जंतूंची आहे. आमचं औषध फोड दाबतं, तशी अंगातली ताकदही दाबतं. हात धुतल्याशिवाय जवळ जाऊ नका."

झालं! मास्तरांनी मनाशी खूणगाठ बांधली. पाण्याचा पेला द्यायचा, हात धू. उशी सरकवायची, हात धू. साबणानं स्वतःच्या बोटांची सालं निघाली. शिवण टोचू नये म्हणून सगळे गाऊन असे उलटे शिवलेले. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतो ना आपण, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण जवळ घेणं सोडाच, हात हातात घ्यायचीही सोय राहिली नव्हती. ताप चढून दवाखान्यात नेलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, एकदा हात धरा ना." मास्तर म्हणाले, "बरी हो, मग धरतो."

मास्तरांनी कुलूप काढलं. मिट्ट काळोख. चाचपडत मशीनपाशी गेले, गाऊन उचलला. तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं.

"कोण आहे?"

...

"अहो, मी आहे."

वहिनींचाच आवाज. स्वच्छ. तोंडातल्या फोडांनी त्यांना धड बोलताही येत नव्हतं कितीतरी दिवस. तुमच्यापैकी कुणी असता तर धूम ठोकली असती. मास्तर हलले नाहीत. बायकोला काय भ्यायचं? हसू नका रे.

बाहेरून एक गाडी गेली. तिचा उजेड खुर्चीवरून फिरला. चेहरा... नितळ. हात नितळ. एक डाग नाही.

"आता दुखत नाही," त्या म्हणाल्या. "धरा हात."

हात पुढे आला.

आणि मास्तर काय म्हणाले, माहितीये?

"थांब. हात धुऊन येतो."

सवय रे... सवय. धावत मोरीत गेले. साबण लावला. मनगटापर्यंत चोळले. नळ बंद केला. आले.

खुर्ची रिकामी.

"अगं, धुतले बघ..."

...

ओले हात तसेच पुढे धरून उभे राहिले. अंधारात. पाणी ठिबकत होतं. कुणी नाही. काही नाही.

मग फोन वाजला. दवाखान्याचा होता.

वहिनी नुकत्याच गेल्या होत्या. जंतू रक्तात भिनले होते. मी पोहोचलो तेव्हा मास्तर बाकावर बसलेले, मांडीवर तोच गाऊन. माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. "काय धुवायला गेलो रे मी? काय धुवायला गेलो?" 

सकाळी मी चहा दिला, तर कप धरवेना. उजवा हात उघडून बघितला. तळहाताच्या मधोमध एक फोड. टपोरा, पाण्यानं भरलेला. डॉक्टरीणबाईंनी तपासला. तो आजार नाही म्हणाल्या, भाजल्याचा नाही म्हणाल्या. मग कशाचा, ते काही त्यांना सांगता आलं नाही.

वर्षं लोटली त्याला. मास्तर पट्टी का बांधतात, मापं डाव्या हातानं का घेतात, म्हणून तुम्ही त्यांच्या नकला करता ना? परवा त्यांनी माझ्यासमोर पट्टी सोडली.

फोड अजून तसाच आहे. फुटू दिलेला नाही त्यांनी.