कड्याच्या कपारीतला हिंग

अवधूत सरांचा हिंग जगलाय की मेलाय, हे बघायला आम्ही निघालो होतो. सत्त्याण्णव सालचा मे महिना. महाडच्या एकाच कॉलेजात सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. त्यांना तो जगलेला हवा होता. मला मेलेला हवा होता. खोटं कशाला बोलू!

दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका काबुली व्यापाऱ्याकडून आम्ही वीस बिया आणल्या आणि दहा-दहा वाटून घेतल्या. हिंगाला कडाक्याची थंडी लागते, कोरडी जमीन लागते. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते! दोघांच्याही बिया दोन महिने ओल्या वाळूत घालून माझ्याच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. दुधाला वास येतो म्हणून घरच्यांची बोलणी मी खाल्ली. मग मी गच्चीवर पत्र्याखाली कुंड्या मांडल्या. तीन रोपं आली आणि गेली. सरांनी उमरठ गावाच्या वरच्या अंगाला कड्यात एक कपार शोधली. वर खडकाचं छप्पर, पावसाचा थेंब आत येत नाही, थंडीत वारा हाडापर्यंत जातो. तिथे त्यांचं एक रोप दोन हिवाळे जगलं; मधल्या उन्हाळ्यात मात्र तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. माझ्या पोटात दुखायचं.

वाट दाखवायला कड्याखालच्या वाडीतल्या रंगूबाई होत्या. साठीच्या बाई, पण अनवाणी पायांनी सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून अशा चालल्या, जणू घरच्या पडवीत फिरतायत. मी मात्र दोनदा घसरले. दोन्ही वेळा सरांनीच हात दिला.

कड्याच्या पोटात आग्या मोहोळ लटकत होतं. रंगूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही श्वास रोखून पुढे सरकलो. आणि माझ्या पायाखालचा दगड सुटला!

खडखडाट! माश्या उठल्या! सरांनी मला खडकाशी दाबलं, आपला पंचा माझ्या डोक्यावर टाकला. पाच मिनिटांनी घोंगावणं थांबलं. त्यांच्या मानेत सहा काटे रुतले होते, मला एकही नाही. उपकारसुद्धा यांनीच करायचे! त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

वीतभर वाटेवरून, खडकाला पोट घासत आम्ही कपारीत पोचलो. रोपाची पानं गवतासारखी पिवळी पडली होती. सरांनी हात लावताच एक पान चुरलं. त्यांनी तो चुरा तळहातावर घेतला.

"मुळात जीव आसंल, गुरुजी," रंगूबाई म्हणाल्या. "वाईच पानी घाला."

सुकलेलं रोप दिसलं की आमच्याकडे कुणाचाही हात पाण्याकडेच जातो. सरांनी बाटलीचं झाकण उघडलं.

मला ठाऊक होतं. गप्प राहायचं, एवढंच काम होतं. मग ते आणि मी सारखे! बाटली कलली. मनातून मला बरं वाटत होतं, फार बरं. त्यांच्या सुजलेल्या मानेकडे माझं लक्ष गेलं.

मी बाटली हिसकावली! तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली.

"बाय गो, येडी झालीस का?" रंगूबाई ओरडल्या. तेवढंच पाणी उरलं होतं.

"मेलं नाही ते, सर," मी म्हटलं. "उन्हाळ्यात झोपतं. माझीही अशीच सुकली होती. मी पाणी घातलं, मुळं कुजली."

"कधी?"

"गेल्या मे महिन्यात."

वर्षभर मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली रिकामी बाटली घेतली आणि झाकण लावलं. घशाला कोरड, डोक्यावर ऊन, अशा अवस्थेत आम्ही करवंदं चोखत कडा उतरलो. खालच्या झऱ्यावर तिघंही आडवे पडून गुरांसारखं पाणी प्यालो!

डिसेंबरात रंगूबाईंनी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, हिरवा कोंब आलाय म्हणून. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. रोप आमच्या रसायनाच्या बाईंनी वाचवलं, असं ते प्रत्येकाला सांगत होते. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मीही पेढा घेतला, हसले. गोड काही लागला नाही. कोंब त्यांच्याच रोपाला आला होता ना!